प्रकल्प नोंदी : चौघांसाठी एक छोटी गाडी

१२ जुलै २०२५, शनिवार

गाडी घ्यायची की नाही, हा विषय आज घरात संपला आणि कोणती घ्यायची, हा सुरू झाला. कारखान्यात नवे यंत्र घ्यायचे ठरले की आमच्या गुणवत्ता विभागात पहिल्या दिवसापासून नोंदवही ठेवतात आणि तिचा एकच कडक नियम असतो : गरज आधी लिहायची, माहितीपत्रके नंतर उघडायची. उलटे केले तर माहितीपत्रकात जे छापलेले असेल तीच आपली गरज होऊन बसते. घरीही हाच नियम पाळायचा असे मी ठरवले आहे. नवऱ्याने तीन माहितीपत्रके आधीच मोबाइलवर उतरवून घेतली आहेत, याचीही नोंद असावी.

आमची गरज अशी. घरात चौघे आहोत : आम्ही दोघे, साडेनऊ महिन्यांची लेक आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई, ज्यांचे दोन्ही गुडघे पावसाळ्यात फार त्रास देतात. राहणे नाशिकला इंदिरानगरमध्ये. मी सातपूरला कंपनीच्या बसने जाते आणि नवरा स्कूटरने जातो, त्यामुळे रोजच्या नोकरीसाठी गाडी लागणार नाही. ती लागेल दवाखान्यासाठी, महिन्यातून दोनदा निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी जाण्यासाठी आणि महिन्या-सव्वा महिन्यातून एकदा कसारा घाट उतरून कल्याणला माझ्या माहेरी जाण्यासाठी. कॅलेंडर समोर ठेवून फेऱ्या मोजल्या, तेव्हा वर्षाला साडेसात ते आठ हजार किलोमीटर भरले. हा आकडा लहान आहे आणि पुढच्या बऱ्याच हिशेबांत तोच आडवा येईल असे दिसते. ऑन-रोड, म्हणजे कर आणि विमा धरून, खर्चाची मर्यादा आठ लाख. लेकीची सीटही त्यातच बसवायची.

१९ जुलै २०२५, शनिवार

कोणते पर्याय सोडायचे, ते आज ठरले. इलेक्ट्रिक गाडीला महाराष्ट्रात रस्ता कर माफ आहे, ही मोठी सवलत खरी. पण आमची इमारत जुनी, पार्किंग सामाईक आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे चार्जिंगची वायर कोणाच्या मीटरवरून ओढायची यावरच सोसायटीच्या दोन सभा जातील. हा पर्याय बाजूला ठेवला. जुन्या गाडीचाही विचार केला. खात्यातल्या एका सहकाऱ्याची २०१९ सालची गाडी जेमतेम चाळीस हजार किलोमीटर फिरलेली आणि उत्तम राखलेली आहे. मात्र त्या काळच्या बहुतेक छोट्या गाड्यांप्रमाणे तिलाही दोनच एअरबॅग आहेत आणि त्या दोन्ही पुढे. आमची लेक मागे बसणार. तिच्या बापाच्या मनात ती गाडी भरली होती, तरी विषय तिथेच थांबला.

यादीत आता चार नावे उरली : वॅगन आर, टियागो, पंच आणि डिझायर. चारही गाड्या चार मीटरच्या आत बसतात, आणि हा योगायोग नाही. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत असलेल्या गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले, आणि तेव्हापासून आपल्याकडची छोटी गाडी करखात्याच्या फूटपट्टीवर बेतली जाऊ लागली. डिझायरच्या मागच्या बाजूला आखडून बसल्यासारखे जे रूप आहे, ते याच फूटपट्टीचे. पहिली डिझायर २००८ साली आली तेव्हा चार मीटरहून लांब होती. २०१२ च्या दुसऱ्या पिढीत तिची शेपूट छाटून ती सवलतीच्या आत आणली गेली.

२६ जुलै २०२५, शनिवार

आजची पूर्ण दुपार सुरक्षा-चाचण्यांच्या निकालांवर गेली. एवढा वेळ जाईल असे वाटले नव्हते, पण ताऱ्यांच्या मागे काय मोजलेले असते हे न पाहता तारे मोजणे म्हणजे गेज न तपासता माप घेण्यासारखे आहे.

गाड्या धडकवून त्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने वॅगन आरची चाचणी २०२३ मध्ये जाहीर केली : प्रौढांच्या सुरक्षेसाठी १ तारा, बालकांच्या सुरक्षेसाठी शून्य, आणि गाडीचा सांगाडा अस्थिर असा शेरा. यंदाच्या मे महिन्यात कंपनीने या गाडीला सहा एअरबॅग सर्व श्रेणींत देऊ केल्या आहेत, ही चांगली गोष्ट आहे. परंतु एअरबॅग वाढल्या म्हणून सांगाडा बदलत नाही. टियागोला २०२० मध्ये प्रौढांसाठी ४ आणि बालकांसाठी ३ तारे मिळाले. पंचला २०२१ मध्ये ५ आणि ४. डिझायरच्या चौथ्या पिढीला नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच ५ आणि ४.

इथपर्यंत पाहिले तर पंच आणि डिझायर बरोबरीत दिसतात, आणि समाजमाध्यमांवर लोक तसेच लिहितात. प्रत्यक्षात या दोन वेगवेगळ्या परीक्षा आहेत. ग्लोबल एनकॅपने जुलै २०२२ पासून आपले निकष कडक केले. त्याआधी प्रौढांच्या सुरक्षेचे गुण १७ पैकी दिले जात आणि त्यात भर समोरच्या धडकेवर होता. नंतर गुण ३४ पैकी झाले, बाजूने बसणाऱ्या धडकेचे गुण त्यात आले, आणि पाच तारे हवे असतील तर गाडी घसरताना चाकांचे ब्रेक स्वतंत्रपणे लावून तिला ताळ्यावर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक स्थैर्य प्रणाली व पादचाऱ्यांचे संरक्षण हेही पाहिले जाऊ लागले. पंचचे पाच तारे जुन्या परीक्षेतले आहेत, डिझायरचे नव्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या आपल्या भारत एनकॅपमध्येही डिझायरला प्रौढ व बालक या दोन्ही विभागांत ५ तारे आहेत. जुन्या अभ्यासक्रमात पहिला आलेला विद्यार्थी हुशार नसतो असे माझे म्हणणे नाही. फक्त दोन गुणपत्रिका एकमेकींवर ठेवून तुलना करता येत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट तक्त्याच्या तळाशी सापडली. डिझायरमध्ये सहा एअरबॅग, स्थैर्य प्रणाली, पाचही जागांना तीनबिंदू पट्टे आणि मागे बालसीट अडकवण्याचे आयसोफिक्स हे सर्व अगदी खालच्या एलएक्सआय श्रेणीपासून आहे. जास्त पैसे मोजून जे मिळते ते टचस्क्रीन, चाके आणि रोषणाई. नोंदवहीत या ओळीखाली दोन रेघा मारल्या आहेत.

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

टेप, वजनकाटा, लेकीची सीट आणि सासूबाई यांना घेऊन दिवसभर शोरूम हिंडलो. सीट मी आधीच विकत घेतली, कारण सीट गाडीत बसते की नाही हे गाडी घेतल्यावर कळून उपयोग नाही. लेकीचे वजन आज ८ किलो ४०० ग्रॅम भरले. या वयाच्या मुलांना प्रवासाच्या उलट दिशेला तोंड करून बसवायचे असते, कारण धडकेत बाळाचे जड डोके पुढे झेपावते आणि कोवळ्या मानेला तो भार पेलत नाही. तोंड मागे असले की तोच भार पाठीवर पसरतो. समोर एअरबॅग असलेल्या जागेवर मात्र अशी सीट कधीही ठेवायची नाही, कारण उघडणारी एअरबॅग सीटच्या पाठीवरच आदळते.

अशी उलटी सीट किती जागा खाते, याची कल्पना दुकानात येत नाही. ती डावीकडे मागे बसवली की पुढची डावी सीट पुढे सरकवावी लागते आणि तिथे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकू लागतात. पाच फूट नऊ इंच उंचीच्या नवऱ्याला आम्ही प्रत्येक गाडीत तिथे बसवून गुडघा आणि डॅशबोर्ड यांच्यातले अंतर मोजले. एका गाडीत ते तीन बोटे भरले, तेव्हा तो स्वतःच खाली उतरला. दुसऱ्या एका गाडीत आयसोफिक्सचे कडे गादीच्या इतके आत दडले होते की ते शोधायला मला विजेरी लागली. कड्याचा खट्ट आवाज आला तरी हिरवी खूण दिसेना. विक्री प्रतिनिधीने गेल्या वर्षभरात एकाही गिऱ्हाइकाने सीट आणून पाहिली नसल्याचे सांगितले. त्याने ते कौतुकाने सांगितले की वैतागाने, हे कळले नाही.

सासूबाईंची चाचणी माझ्या टेपपेक्षा नेमकी ठरली. त्यांची घरातली खुर्ची जमिनीपासून ४६ सेंटिमीटर आहे आणि तीवरूनही उठताना त्या टेबलाचा आधार घेतात. मागच्या सीटची उंची ठेंगण्या गाडीत पन्नाशीच्या आसपास आली आणि उंच बांध्याच्या गाडीत साठी ओलांडून गेली. उंच गाडीत त्या नुसत्या टेकल्या आणि सरकून आत गेल्या. “ही आपल्या ओट्यासारखी आहे,” त्या म्हणाल्या. पंचची दारे नव्वद अंशांत उघडतात, तेही त्यांना फार आवडले. डिझायरमध्ये बसताना मात्र त्यांनी आधी छताची कड धरली, मग माझा खांदा धरला आणि बसल्यावर म्हणाल्या, “बसले गं, पण उठवणार कोण?”

म्हणजे लेकीसाठी डिझायर पुढे आणि सासूबाईंसाठी पंच. कोणाचे पारडे जड धरायचे, ते आज लिहीत नाही.

९ ऑगस्ट २०२५, शनिवार

राखीपौर्णिमेला भाऊ कल्याणहून आला. यादी पाहून त्याचे पहिले वाक्य, “ताई, डिझायर? लोक हात दाखवून थांबवतील तुला.” डिझायर म्हणजे टॅक्सी, ही त्याची चेष्टा, पण मला त्यातून काम सुचले. गाडीच्या टिकाऊपणाविषयी माहितीपत्रक काहीच सांगत नाही, आणि टॅक्सीवाल्याइतके ते कोणालाच ठाऊक नसते. संध्याकाळी नाशिकच्याच द्वारका चौकात मुंबईच्या टॅक्सी लागतात तिथे जाऊन तीन चालकांशी बोलले. एकाची गाडी तीन लाख किलोमीटर पार करून गेली होती. त्याने न विचारता खर्चाची यादीच सांगितली : क्लच प्लेट दोनदा, पुढचे शॉकअप एकदा, घाटामुळे ब्रेक पॅड मोजलेच नाहीत, इंजिन उघडले नाही. “पार्ट कुठेही भेटतो, इगतपुरीला पण भेटतो,” हे त्याचे शेवटचे वाक्य मी जसेच्या तसे लिहून घेतले.

या पुराव्याची मर्यादाही लिहिली पाहिजे. त्या जुन्या गाड्यांत चार सिलिंडरांचे इंजिन होते. नव्या डिझायरमध्ये १,१९७ सीसीचे तीन सिलिंडरांचे झेड मालिकेतले इंजिन आहे, जे मे २०२४ च्या स्विफ्टमध्ये प्रथम आले. त्याला तीन लाख किलोमीटर फिरायला अजून वेळच मिळालेला नाही. म्हणून तीन चालकांच्या साक्षीतले सुट्या भागांचे आणि कारागिरांचे म्हणणे मी धरते, आणि इंजिनाविषयीचे कंसात ठेवते.

१५ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

लाल किल्ल्यावरील भाषणात पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटीचे दर बदलण्याची घोषणा केली. आम्ही पुढच्या आठवड्यात बुकिंग करणार होतो. दुपारी एका विक्री प्रतिनिधीचा फोन आला : मोटारींवर काहीही होणार नाही, उलट किमती वाढतील, आजच पाच हजार भरा. सकाळी भाषण आणि दुपारी फोन, एवढ्यावरूनच थांबणे शहाणपणाचे आहे हे कळले. प्रकल्प तात्पुरता स्थगित.

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार

काल जीएसटी परिषदेच्या ५६ व्या बैठकीत निर्णय झाला. छोट्या पेट्रोल गाड्यांवर आजवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर मिळून २९ टक्के कर होता. २२ सप्टेंबरपासून तो १८ टक्के होईल. लोक सरसकट “अकरा टक्के स्वस्त” म्हणत आहेत, ते बरोबर नाही. करासह १२९ रुपयांना मिळणारी वस्तू आता ११८ ला मिळेल, म्हणजे घट १२९ वर ११ रुपयांची, साडेआठ टक्क्यांची. डिझायर एलएक्सआयची एक्स-शोरूम किंमत सध्या ६ लाख ८४ हजार आहे, त्यात सुमारे ५८ हजारांची घट होते. शिवाय आपल्याकडे रस्ता कर शोरूम किमतीवर लागतो आणि दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के आहे. किंमत उतरली की तोही सहा हजारांनी उतरतो. तीन आठवडे थांबण्याचा मोबदला ६४ हजार रुपये पडला. पाच हजार भरण्याचा फोन आठवला.

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

पितृपक्ष चालू असल्याने सासूबाईंच्या हुकुमाने खरेदीचा विषयही काढायचा नाही, पण हिशेबाला बंदी नाही. म्हणून आज सीएनजीचा प्रश्न निकालात काढला. नवऱ्याचा सुरुवातीपासून सीएनजीवर जीव आहे, कारण कार्यालयातले सर्वजण “पैसे वसूल” म्हणतात.

माहितीपत्रकावरचे अ‍ॅव्हरेज पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थांत रोलरवर, ठरावीक वेगाने आणि एसी बंद ठेवून मोजतात. डिझायर पेट्रोलला ते लिटरमागे २४.७९ आणि सीएनजीला किलोमागे ३३.७३ किलोमीटर आहे. शहर आणि घाट मिळून मी अनुक्रमे १७ आणि २६ धरले. पेट्रोल १०४ रुपये आणि सीएनजी ९१ रुपये धरल्यास किलोमीटरमागे खर्च ६ रुपये १२ पैसे आणि साडेतीन रुपये येतो. बचत सुमारे २ रुपये ६० पैसे. नव्या किमतींनुसार एकाच श्रेणीत सीएनजीची गाडी सुमारे ८७ हजारांनी महाग आहे. तिला रस्ता कर कमी लागतो. यंदाच्या १ जुलैपासून तो एक टक्क्याने वाढून ८ टक्के झाला, तरी पेट्रोलपेक्षा कमीच. ती सवलत वजा केली तर जास्तीचे ७२ हजार फिटायला २७ ते २८ हजार किलोमीटर लागतात. दिवसाला साठ किलोमीटर फिरणाऱ्याला हे सव्वा वर्षात जमेल, आम्हाला साडेतीन वर्षे.

पण खरी मेख पुढे आहे. सीएनजी सर्वांत खालच्या श्रेणीत मिळतच नाही. एलएक्सआय पेट्रोल सोडून सीएनजी घ्यायची म्हणजे श्रेणी बदलण्याचे सुमारे ९० हजारही त्यात मिळवायचे, आणि मग तोच आकडा ६५ हजार किलोमीटरच्या पुढे जातो. आमच्या फिरण्याने आठ वर्षे. तोवर लेक तिसरीत असेल. शिवाय डिझायरची ३८२ लिटरची डिकी सिलिंडरने भरते आणि बाबागाडी कुठे ठेवायची हा प्रश्न शिल्लकच राहतो. नवऱ्याने हिशेब दोनदा तपासला आणि पेट्रोलला संमती दिली, मात्र “पेट्रोल दीडशे झाले तर?” असा प्रश्न नोंदवहीत लिहायला लावला. लिहिला आहे.

इथेनॉलविषयी एक ओळ. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडे घटणारच. नव्या गाडीचे भाग त्यासाठी बनवलेले असल्याने झिजेची चिंता नाही. आमच्या निफाडच्या शेतातला ऊसही कारखान्याला जातो, तेव्हा याबद्दल घरात फार तक्रार करण्याची सोय नाही.

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार

घटस्थापना. नव्या करदराचा पहिला दिवस. शोरूममध्ये भाजीबाजारासारखी गर्दी होती. डिझायर एलएक्सआय पेट्रोल, पाच गिअरची साधी मॅन्युअल, ६ लाख २५ हजार ६०० रुपये एक्स-शोरूमने बुक केली. सासूबाईंच्या गुडघ्यांचा प्रश्न सुटलेला नाही, तो बाजूला सारलेला आहे. निर्णय लेकीच्या बाजूने झाला आणि तो त्यांनीच केला. “माझे काय, मी दहा मिनिटे लावीन,” एवढेच म्हणाल्या.

कोटेशनवर मात्र पाऊण तास गेला. ६८ हजार ८०० रुपयांचा रस्ता कर बरोबर होता. त्याखाली ‘हँडलिंग’ या नावाने एक रक्कम होती, जिचा अर्थ विचारल्यावर ती काही न बोलता खोडली गेली. विमा ४८ हजारांचा दाखवला होता. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो आणि १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीला त्याचा दर सर्व कंपन्यांना सारखाच, १०,६४० रुपये अधिक जीएसटी असतो. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. तेवढेच संरक्षण, तीच गाडीची धरलेली किंमत आणि तोच झिरो डेप (भरपाईत घसारा न कापण्याची सोय) बाहेरून ३४ हजारांत मिळाला. विमा शोरूमचाच घ्यावा असे कोणतेही बंधन नाही. तसे स्पष्ट सांगितल्यावर डिलिव्हरी लांबेल असे गोड शब्दांत सुचवण्यात आले. लांबू दे म्हटले.

कर्ज पाच लाखांचे, ९ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता १०,३७९ रुपये. सात वर्षांचा हप्ता ८,०४५ म्हणून मोहक दिसतो, पण एकूण व्याजात ५३ हजारांची भर घालतो. पाच.

११ ऑक्टोबर २०२५, शनिवार

गाडी आल्याचा निरोप आला, म्हणून नोंदणीपूर्वीच तपासायला गेले. एकदा आपल्या नावावर नोंदणी झाली की तपासणीला अर्थ उरत नाही. खात्यातून रंगाची जाडी मोजायचे उपकरण रीतसर सही करून घरी आणले होते. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. चारही टायर यंदाच्या उन्हाळ्यानंतरचे निघाले. चासी क्रमांक पावतीशी जुळला. मग दाराशी उपकरण लावले. बॉनेटवर ११०, पुढच्या दारावर ११५, छतावर १०५ मायक्रॉन, आणि डाव्या मागच्या दाराच्या खालच्या भागात एकदम २४०. डोळ्यांना काहीही दिसत नव्हते. तिरप्या उजेडात वाकून पाहिल्यावर तळहाताएवढ्या भागात चमक किंचित वेगळी दिसली. वाहतुकीत किंवा गोदामात ओरखडा उठला असावा आणि नवा रंग मारून तो झाकला असावा.

विक्रेत्याच्या माणसाने आधी उपकरणावर शंका घेतली. मी शेजारच्या दुसऱ्या गाडीचे तेच दार मोजून दाखवले : ११२. मग साहेब आले, चहा आला आणि “मॅडम, धनत्रयोदशीला गाडी दारात नको का?” असा भावनिक प्रश्नही आला. दुसरी गाडी द्या, दिवाळीनंतर द्या, असे लेखी देऊन परतले. घरी नवरा थोडा हिरमुसला. सासूबाईंनी मात्र उपकरण हातात घेऊन फ्रिजचे दार मोजून पाहिले.

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार

भाऊबीज एसटीने करून आलो आणि आज दुसरी गाडी मिळाली. चौदा ठिकाणी मोजली, सर्व आकडे ९८ ते १२० मध्ये. रंग निळा घेतला; पांढरा मुद्दाम टाळला, भावाला तेवढे श्रेय द्यावे लागेल.

सीट डावीकडे मागे बसवली, कारण रस्त्याच्या कडेला गाडी थांबवल्यावर लेकीला फुटपाथच्या बाजूने उचलता येते. सासूबाई तिच्या शेजारी उजवीकडे बसणार. पहिल्याच फेरीत, पांडवलेणीपर्यंत जाऊन येताना, त्यांना उतरवायला चार मिनिटे लागली.

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

पहिली सर्व्हिस झाली. कल्याणची एक फेरी, निफाडच्या दोन आणि बाकी शहर मिळून १,०४० किलोमीटर. टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरण्याच्या पद्धतीने मोजलेले अ‍ॅव्हरेज १७.६, म्हणजे मी धरलेल्या १७ पेक्षा किंचित बरे. गावच्या रस्त्यावरच्या एका गतिरोधकाला, चौघे आणि कांद्याची गोणी असताना, गाडीचे पोट घासले; जमिनीपासून १६३ मिलिमीटर उंची आहे, पंचची १८७ आहे, हे तेव्हा आठवले. आता तिथे तिरके चढवतो. रिकाम्या गाडीला काही होत नाही.

सासूबाईंच्या बसण्यावर उपाय सापडला. शालिमारजवळच्या गादीवाल्याकडून पाच सेंटिमीटर जाडीची कडक काथ्याची गादी सीटच्या मापाने कापून घेतली. मऊ गादी दबते आणि पट्टा पोटावर सरकतो. कडक गादीवर पट्टा कमरेच्या हाडावरच राहतो, हे बसवून तपासले. आधी पाठमोरे टेकायचे, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, ही युक्ती त्यांना फिजिओथेरपिस्टने शिकवली. उतरायला आज दीड मिनिट लागले. गादी पुढे सरकते, म्हणून तिला खालून रबरी जाळी लावायची आहे. माप ४८ बाय ४५ सेंटिमीटर.